‘पगार’ शब्दाची कुळकथा

रोजच्या व्यवहारातील शब्दांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. काव्यातील एखादा दुर्मिळ शब्द अडला म्हणजे आपण कोश उघडतो. परंतु ज्या शब्दावाचून आपला महिना सरत नाही, त्याचे कूळ कोणते नि मूळ कोणते, हा प्रश्न मनाला शिवतही नाही. ‘पगार’ हा असाच एक शब्द होय. काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात तत्सम, तद्भव व परभाषीय शब्दांचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, “सर, पगार हा ह्यांतला कुठला?” आम्ही “पोर्तुगीज” असे एका शब्दात उत्तर दिले. मुलाचे समाधान झाले नाही. “मग पोर्तुगिजांकडे तो कुठून आला?” इतक्यात घंटा झाली आणि आम्ही सुटलो, प्रश्न मात्र सुटला नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे, व तो शोधण्यास आम्हां गोमंतकीयांस दूर जावे लागत नाही. बार्देशातील आसगाव येथे १८५५ साली जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांनी आशियाई भाषांत मिसळलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाले. बटाटा, पाव, चावी, बादली, फीत, परात, घमेले, पिंप, बिजागरी, तुरुंग, मेस्त्री हे शब्द आपण कोणाकडून उसने घेतले, ते या ग्रंथावरून कळते. वाचकांच्या ध्यानी आलेच असेल की ही सारी वस्तूंची, स्थळांची वा माणसांची नावे आहेत. ‘पगार’ची गोष्ट निराळी आहे. पोर्तुगीज भाषेत ‘पगार’ हे नाम नसून धातूचे तुमन्त रूप आहे. त्याचा अर्थ ‘देणे चुकते करणे’. या क्रियेला मराठीने नाम केले, आणि तेही इतक्या बेमालूमपणे की मूळचे क्रियापद होते याची आठवणही उरली नाही. पोर्तुगीज उच्चारात आघात शेवटच्या अवयवावर पडतो. मराठी कानाने तो आघात दीर्घ ‘गा’च्या रूपाने टिपला.

हा शब्द आला तेव्हा मराठीत या अर्थाचे शब्द नव्हते असे मुळीच नाही. ‘वेतन’ व ‘भृती’ हे संस्कृत शब्द होतेच. महिना या अर्थाच्या अरबी शब्दावरून झालेला ‘मुशाहिरा’ होता, फारसीतील ‘दरमहा’ व ‘रोजमुरा’ होते. ‘तनखा’ हाही फारसीच. शरीराला जे हवे ते, असा त्याचा शब्दशः अर्थ. पेशवाईच्या दप्तरात ‘नेमणूक’ व ‘तैनात’ हे शब्द वारंवार भेटतात. परंतु गावगाड्यात रोख वेतनाला जागाच थोडी होती. बलुतेदाराला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. आमच्या गोमंतकात गावकारीची सेवा करणाऱ्यांना आणि देवस्थानच्या सेवेकऱ्यांना नमशीची जमीन लावून दिलेली असे. तो जमीन कसून खाई व पिढ्यान् पिढ्या सेवा करी. त्या व्यवस्थेत देणे कधी पुरे फिटत नसे, आणि सेवाही कधी संपत नसे. याउलट किल्ल्यावरचा शिपाई, गोदीतला सुतार, गलबतावरचा खलाशी यांना काम केलेल्या दिवसांचे नाणे मोजून घ्यावयाचे असे. १५१० पासून गोव्यात, १५३४ पासून वसईत आणि तसेच चौलास अशी नाणी मोजून देणारे हात पोर्तुगिजांचे होते. तेव्हा त्या हातांबरोबर त्यांचा शब्दही आला, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. पुढे तो गोव्याच्या सीमेत राहिला नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात तो आहे, गुजरातीत तो रोजच्या वापरातला शब्द आहे, आणि उत्तर कर्नाटकातही तो ऐकू येतो.

आता उत्तराचा दुसरा भाग. पोर्तुगिजांकडे हा शब्द वारशाने आला, आणि तो वारसा लॅटिनचा. ज्याप्रमाणे संस्कृत-प्राकृतापासून मराठी, गुजराती, हिंदी या भाषा झाल्या, त्याप्रमाणे बोली लॅटिनपासून इटालियन, पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच या भगिनीभाषा निघाल्या. मूळ लॅटिन क्रियापद ‘पाकारे’ असे होते. इटालियनमध्ये ते ‘पगारे’ झाले, पोर्तुगीज व स्पॅनिशमध्ये ‘पगार’, आणि फ्रेंचमध्ये ‘पेये’. इंग्रजांचा ‘पे’ हा याच फ्रेंच शब्दाचा मुलगा. म्हणजे महिनाअखेरीस पुण्याचा कारकून, लंडनचा मजूर आणि रोमचा शिक्षक हे तिघे एकाच लॅटिन शब्दाची वाट पाहत असतात.

‘पाकारे’मधील ‘क’चा ‘ग’ कसा झाला, हे आपल्या विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यास लॅटिन व्याकरणाची गरज नाही. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या कठोर व्यंजनाने मृदू व्हावे, ही प्रवृत्ती आपल्या प्राकृतांनाही ठाऊक आहे. संस्कृत ‘मकर’ आपल्याकडे ‘मगर’ झाला, हिंदीत ‘शाक’चा ‘साग’ आणि ‘लोक’चा ‘लोग’ झाला. अगदी त्याच रीतीने लॅटिन ‘अमीकुस’ म्हणजे मित्र, हा पोर्तुगीजमध्ये ‘अमीगु’ झाला. इटालियनमध्ये ही प्रवृत्ती काही शब्दांत चालली, काहींत अडली: तळे या अर्थाच्या ‘लाकुस’चा तेथे ‘लागो’ झाला, पण ‘अमीकुस’चा ‘अमीको’च राहिला. ‘पगारे’ मात्र मृदू झालेल्यांच्या पंगतीत बसला. फ्रेंचने आणखी एक पायरी ओलांडून ते व्यंजन गाळूनच टाकले. आपल्याकडेही प्राकृतात ‘लोक’चा ‘लोअ’ होत असे, हे येथे आठवावे.

रूपाची कथा येथे संपते. अर्थाची कथा याहून अधिक मनोरंजक आहे. ‘पाकारे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘पैसे देणे’ असा नव्हताच. ‘पाक्स’ म्हणजे शांतता, या नामापासून ते झाले. त्याचा अर्थ ‘शांत करणे’. अभिजात लॅटिनमध्ये हे क्रियापद प्रायः सैन्याबरोबर हिंडताना दिसते. गॉल देशातील आपल्या मोहिमांची हकीगत लिहिताना सीझर ज्या टोळ्यांना जिंकले त्यांना ‘शांत केलेल्या’ म्हणतो. जेत्याच्या भाषेत ‘जिंकणे’ आणि ‘शांत करणे’ हे समानार्थी शब्द ठरतात, हा अनुभव फार जुना आहे.

मग तलवारीच्या या शब्दाला थैलीचा अर्थ कसा आला? रणांगण सोडून तो बाजारात आला, म्हणून. ज्याचे आपण देणे लागतो तो मनुष्य अशांत असतो. तो दारात येतो, आवाज चढवतो, चारचौघांत बोलतो. त्याचे त्याला दिले की तो शांत होतो. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘पाकारे’ हा शब्द धनकोचे समाधान करणे या अर्थी वापरला जाऊ लागला, आणि हळूहळू ‘समाधान’ मागे पडून ‘देणे’ तेवढे पुढे राहिले. साध्य विसरले गेले आणि साधनाला त्याचे नाव मिळाले. अर्थपरिवर्तनाचा हा प्रकार भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस नवा नाही.

या परिवर्तनाची सर्वांत चांगली साक्ष इटालियन देते; कारण तिने नव्या अर्थाबरोबर जुना अर्थही घरात ठेवला आहे. ‘पगारे’ म्हणजे पैसे देणे. पण ‘पागो’ या विशेषणाचा अर्थ आजही ‘संतुष्ट’ असा आहे, आणि ‘अप्पगारे’ म्हणजे इच्छा तृप्त करणे, समाधान करणे. बाप पैसे देतो आणि भावंडे समाधान देतात, असे हे कुटुंब आहे. पोर्तुगीजमध्ये त्याच घडणीच्या ‘अपगार’चा अर्थ आणखी पुढे सरकून ‘विझवणे’ असा झाला. आग शांत करणे म्हणजे आग विझवणे, हे आपल्यालाही परके नाही. अग्नी ‘शमला’ असे आपण म्हणतोच.

‘पाक्स’च्याही मागे जाता येते. बांधणे, रोवणे, पक्के करणे या अर्थाच्या एका प्राचीन मूळापासून तो शब्द निघाला. बांधलेला शब्द तो करार, आणि कराराने येते ती शांतता. लॅटिन ‘पाक्तुम’ म्हणजे करार, हा त्याचा सख्खा. विशेष हे की, संस्कृतातील ‘पाश’ हा शब्द भाषाशास्त्रज्ञ याच मूळाशी जोडतात. तेव्हा पगाराचा पाश असे कोणी थट्टेने म्हटले, तर त्याने नकळत एका प्राचीन कुळातील दोन दूरच्या भावंडांची भेट घडवली असे समजावे.

मात्र जेत्यांच्या तोंडचा तो जुना अर्थ रोमन ग्रंथांतच राहिला असे कोणी समजू नये. आमच्या भागात पगार आणि ‘शांत करणे’ हे दोन्ही अर्थ एकदा समोरासमोर उभे ठाकले. डिचोली, सत्तरी व पेडणे हे महाल १७८१ ते १७८८ या काळात सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यातून पोर्तुगिजांकडे गेले. या नव्या मुलखातील अनेक मराठा तरुण पुढे पोर्तुगीज पलटणीत पगारी शिपाई झाले. १८९५ साली मोझांबिकमध्ये पोर्तुगिजांचे युद्ध पेटले, तेव्हा या शिपायांना समुद्रपार जाण्याची आज्ञा झाली. आफ्रिकेतील अशा मोहिमांना पोर्तुगीज ‘पासिफिकासांव’ म्हणजे ‘शांतीकरण’ म्हणत. हा शब्दही ‘पाक्स’पासूनच झालेला. शिपायांनी ती आज्ञा मानली नाही. सप्टेंबर १८९५ मध्ये त्यांनी बंड केले व सत्तरीतील नाणूसचा किल्ला गाठला. दादा राणे व त्यांचे लोक त्यांना मिळाले, आणि ते बंड मोडण्यासाठी पोर्तुगालच्या राजाचा भाऊ दों आफोंसु सैन्यासह गोव्यात आला. पगार घेणाऱ्यांनी दुसऱ्या कोणा परमुलखातील माणसांस ‘शांत’ करण्यास जाण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनाच शांत करण्यासाठी पलटण धाडण्यात आली! पगाराने श्रम विकत घेता येतात. त्या पलीकडचे काही घेतले असे देणाऱ्याने समजू नये, हा या बंडाचा धडा आम्हांस वाटतो.

राज्ये बदलली, नाणीही बदलली. शब्द बदलला नाही. आमच्या वाडवडिलांच्या हाती १९५८ पर्यंत पोर्तुगीज ‘रुपिया’ पडे. १९५९ पासून ‘एस्कुदो’ आला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया आला. तिन्ही नाण्यांना त्यांनी ‘पगार’च म्हटले. १९५० नंतर डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणी वाढत गेल्या, आणि शेताच्या वाट्यावर जगणाऱ्या घरांत महिन्याचा पगार येऊ लागला. त्या पगाराबरोबर काय आले आणि शेतांचे काय झाले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे इतकेच नोंदवावेसे वाटते की, २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू होऊन २०१८ साली पुन्हा थांबल्या, तेव्हा या शब्दाचा मूळ अर्थ आम्ही डोळ्यांनी पाहिला. पगार थांबताच घरे अशांत झाली. मुलांच्या वह्या-पुस्तकांची खरेदी लांबली, वर्गातील काही चेहरे गप्प झाले. ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे, हे आम्हांस तेव्हा कोशात पाहावे लागले नाही.

आमचा स्वतःचा एक अनुभव सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात आम्ही एका खाजगी शाळेत होतो. तेथे एका वर्षी चार महिने पगार झाला नाही. गावातील दुकानदाराच्या वहीत आमच्या नावाचे पान भरत गेले. तो भला गृहस्थ एका शब्दाने बोलला नाही. पण त्याच्या दुकानासमोरून जाणे आम्ही सोडले, आणि लांबच्या वाटेने शाळेत जाऊ लागलो. अखेर चारही महिन्यांचा पगार एकदम झाला. घरी न जाता आम्ही आधी दुकानात गेलो. त्याने पैसे मोजले, वहीतील पानावर तिरपी रेघ ओढली आणि कोकणीत म्हणाला, “फारीक जालें, मास्तर.” त्या दिवशी आम्ही जवळच्या वाटेने घरी आलो.

‘फारीक’ हा शब्दही परकाच. तो अरबीतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘मोकळा’. ‘फारखत’ त्याच्याच घरचा. पोर्तुगीज अमदानीत देणे फिटल्याची जी पावती होत असे तिला ‘कितासांव’ म्हणत, आणि तो शब्द ‘निवांत, शांत’ या अर्थाच्या लॅटिन ‘क्विएतुस’पासून झालेला आहे. म्हणजे रोमन असो, अरब असो वा आमचा दुकानदार असो, देणे फिटल्यावर मनाची जी स्थिती होते तिलाच प्रत्येकाने नाव दिले आहे.

मराठीने तरी वेगळे काय केले? आपण कर्ज ‘फेडतो’. फेडणे म्हणजे सोडणे, उकलणे. नेसलेले वस्त्र फेडावे, तसे ऋण फेडावे. श्रीकेळबाय देवीला बोललेला नवसही आम्ही मुळगावकर फेडतोच. तेथे ऋण ही गाठ आहे. दुसरा शब्द याहून बोलका आहे. आपण तहान ‘भागवतो’, भूक भागवतो, आणि देणेही भागवतो. तहानेचे शमन आणि कर्जाची परतफेड यांना एकच क्रियापद! ‘पाकारे’ने शांतीपासून पैशापर्यंत जो प्रवास केला, तोच ‘भागवणे’ने आपल्या अंगणात केला. कोणी कोणाचे पाहून केला नाही. मानवी मन सर्वत्र सारख्या वाटेने चालते इतकेच. म्हणूनच ‘एवढ्या पगारात भागत नाही’ असे घराघरांतून ऐकू येणारे वाक्य आम्हांस अर्थपूर्ण वाटते. जो शब्द मुळात समाधान देण्यासाठी जन्मला, त्याच्यात समाधान उरले नाही, असे ती गृहिणी अजाणता सांगत असते.

वेतनाचा हा मर्मार्थ आपल्या पूर्वसूरींनीही जाणला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या पाचव्या अधिकरणात भृत्यांच्या भरणपोषणाचे प्रकरण आहे. मंत्री, पुरोहित, सेनापती आदी श्रेष्ठींस ४८,००० पण वेतन सांगून, त्याचे कारण तो असे देतो की, इतके मिळाल्याने ते कोणाच्या आमिषास बळी पडत नाहीत व कोप पावत नाहीत. वेतन हे कोपाचे निवारण आहे, हा विचार ‘पाकारे’पासून कितीसा दूर आहे? त्याच प्रकरणात आचार्य व विद्वान यांना ५०० ते १,००० पण योग्यतेनुसार द्यावेत असे सांगताना तो त्या रकमेला ‘पूजावेतन’ म्हणतो. शिक्षकाला पूजा व वेतन ही दोन्ही मिळावीत, अशी ती योजना होती. पूजा करून वेतन टाळण्याची युक्ती पुढच्या काळातली असावी.

राहता राहिला एक वाद. ‘पगार’ हा शब्द परका आहे, दास्याची खूण आहे, सबब तो टाकून ‘वेतन’च वापरावे, असे मत आमचे काही मित्र मांडतात. शब्दशुद्धीची ही कळकळ जुनी व आदरणीय आहे. शिवकाळातील राज्यव्यवहारकोश त्या कळकळीतूनच जन्मला, आणि माधव जूलियन यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ १९३८ साली त्याच प्रेरणेने निघाला. ‘वेतन’ हा उत्तम शब्द आहे. आयोग, श्रेणी आणि शासननिर्णय यांत तो शोभतोही. तथापि भाषेने दोघांना निरनिराळी कामे नेमून दिली आहेत. वेतन ‘निश्चित’ होते, वेतन ‘देय’ असते. पगार मात्र ‘होतो’. ‘पगार झाला का?’ हा प्रश्न मित्र मित्राला विचारतो. ‘वेतन झाले का?’ असे कोणी विचारीत नाही. शिवाय या पाहुण्याने आपल्या घरी संसार थाटला आहे. ‘पगारदार’ या शब्दात त्याने फारसी प्रत्यय घेतला. ‘बिनपगारी’ या शब्दात संस्कृत ‘विना’पासून झालेले शिर लॅटिन धडावर बसले आणि मराठी ‘ई’ने त्यावर आपली मुद्रा उठवली. चारशे वर्षे जो आपल्या सुखदुःखात राहिला, त्याला आता दाराबाहेर काढणे हे आम्हांस शुद्धीचे लक्षण वाटत नाही. ज्याच्या बरोबर तो आला ती सत्ता १९६१ साली गेली. शब्द राहिला तो श्रम करणाऱ्यांच्या तोंडी, आणि तेथे तो त्यांच्याच मालकीचा आहे.

वर्गातील त्या मुलाला आज उत्तर द्यावयाचे झाले तर आम्ही असे देऊ: बाळ, हा शब्द पोर्तुगिजांकडे लॅटिनमधून आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘शांत करणे’ असा आहे. पुढे तू पगार घेशील, कदाचित कोणाला देशीलही. घेशील तेव्हा लक्षात ठेव की तुझ्या कामाचे ते देणे आहे, उपकार नव्हे, आणि तुझे मन त्यात विकले गेलेले नाही. देशील तेव्हा तो वेळेवर आणि पुरता दे. कारण उशिरा किंवा अपुऱ्या दिलेल्या रकमेला कोश भले पगार म्हणो, समोरचा माणूस शांत होईपर्यंत ते देणे फिटलेले नसते.